नव्व्याण्णव मिनिटं : एका मागे घेतलेल्या पेपरचं प्रकरण

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातला संशोधनाचा विषय थोडा हलवला आहे आणि काही आकडे बदलले आहेत, मात्र बदलताना गणित जुळतं ठेवलं आहे. नावं कोणाचीच दिलेली नाहीत. मी यात तिसऱ्या आठवड्यात आलो, संख्याशास्त्राचा बाहेरचा सल्लागार म्हणून. त्याआधीचं जे लिहिलं आहे ते चौघांनी मला वेगवेगळं सांगितलेलं आहे, आणि त्या चौघांच्या आठवणी सगळीकडे जुळत नाहीत.

पार्श्वभूमी

निद्रानाशावर औषधाविना काय करता येतं याचा अभ्यास करणारा हा एक छोटा गट. गटप्रमुख मॅडम, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर मुदतीच्या नेमणुकीवर काम करणारा संशोधक), तीन पीएचडीचे विद्यार्थी. त्यांचा सगळ्यात गाजलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, तीन वर्षांपूर्वीचा. झोपेच्या तक्रारी असलेल्या १४२ जणांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. ७१ जणांना आठ आठवड्यांचा कार्यक्रम दिला: उठण्याची वेळ ठरलेली, झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत न पडता उठून बसायचं, आणि दर आठवड्याला गटातल्या कोणीतरी फोन करून चौकशी करायची. उरलेल्या ७१ जणांना फक्त एक माहितीपत्रक. आठव्या आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना एक छापील फॉर्म भरायचा होता आणि त्यातला मुख्य प्रश्न एकच होता: गेल्या आठवड्यात आडवं झाल्यापासून झोप लागेपर्यंत सरासरी किती मिनिटं लागली?

पेपरातलं उत्तर असं होतं: कार्यक्रम घेतलेल्यांना सरासरी ३४ मिनिटं, माहितीपत्रकवाल्यांना ४८. फरक १४ मिनिटांचा, आणि पी-मूल्य ०.००२, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात दोन. औषधाची गोळी न देता झोप १४ मिनिटं लवकर लागते म्हटल्यावर पेपरची दखल घेतली जाणारच. दोन मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं विश्लेषण) तो धरला गेला. गटाचा पुढचा मोठा निधी-प्रस्ताव त्याच १४ मिनिटांवर उभा होता.

पेपरचा पहिला लेखक तेव्हा मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी होता. प्रकरण सुरू झालं तेव्हा तो दुसऱ्या संस्थेत पोस्टडॉक होता आणि कायमच्या नोकरीसाठी मुलाखती देत होता.

काय सापडलं

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला वेगळ्याच कामासाठी तो जुना डेटा हवा होता. वयाचा आणि झोप लागण्याच्या वेळेचा काही संबंध दिसतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. फाइल उघडल्यावर तिने आधी प्रत्येक स्तंभाचा आलेख काढला. तिची ती सवयच आहे.

तो आलेख मी नंतर पाहिला. डावीकडे १५ ते ६० मिनिटांच्या मध्ये नेहमीसारखा उंचवटा, मग तो उतरत उतरत ८० च्या आसपास संपतो. त्यापुढे कोरी जागा. आणि अगदी उजव्या टोकाला, एकटाच, १९ माणसांचा एक खांब. सगळ्या १९ जणांचं उत्तर एकच: ९९.

झोप लागायला किती वेळ लागतो असं विचारलं तर माणूस वीस मिनिटं म्हणतो, अर्धा तास म्हणतो, पाऊण तास म्हणतो. नव्व्याण्णव कोणी म्हणत नाही. तिने कपाटातून कागदी फॉर्म काढले आणि ते १९ क्रमांक एकेक करून तपासले. काहींचे फॉर्म आलेलेच नव्हते, काहींचे कोरेच परत आले होते. कोडबुकच्या, म्हणजे कोणता आकडा कशासाठी वापरला ते सांगणाऱ्या टिपणाच्या, तिसऱ्या पानावर खुलासा होताच: ‘९९ = उत्तर नाही’.

घोळ कसा झाला तेही तासाभरात कळलं. फॉर्ममधले बाकीचे बहुतेक प्रश्न १ ते ५ गुणांचे होते आणि तिथे ‘उत्तर नाही’साठी ९ हा आकडा वापरला होता. विश्लेषणाच्या स्क्रिप्टमध्ये (संगणकाला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ९ वगळणारी ओळ होती. मिनिटांच्या स्तंभात ९ हे खरंखुरं उत्तर असू शकतं, म्हणून तिथे ९९ ठरवलं गेलं. ते वगळणारी ओळ मात्र कोणी लिहिलीच नाही. संगणकाच्या लेखी १९ माणसं रोज रात्री ९९ मिनिटं कूस बदलत होती.

हे १९ जण दोन्ही गटांत सारखे विभागलेले असते तर नुकसान कमी झालं असतं. पण कार्यक्रमाच्या गटाला दर आठवड्याला फोन जात होता, त्यामुळे त्या गटातले लोक टिकले. तिथे फक्त ४ जण गळले आणि माहितीपत्रकाच्या गटात १५. म्हणजे प्रत्येक गळलेल्या माणसामागे ९९ मिनिटांचं ओझं मुख्यतः एकाच पारड्यात पडलं. खरोखर उत्तर दिलेल्यांचीच सरासरी काढली की कार्यक्रमवाल्या ६७ जणांची ३० मिनिटं येते आणि दुसऱ्या गटातल्या ५६ जणांची ३४. फरक ४ मिनिटं, आणि त्याची ९५ टक्के मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो पट्टा, उणे २ ते १० पर्यंत. शून्य त्याच्या आतच आहे, म्हणजे खरा फरक मुळीच नसण्याचीही शक्यता उरते.

मला मात्र या सगळ्यात दुसरीच गोष्ट जास्त खुपली. पेपरच्या तिसऱ्या पानावर सहभागींचा प्रवाह-तक्ता आहे आणि त्यात ‘शेवटचा फॉर्म भरलेले’ म्हणून ६७ आणि ५६ हे आकडे स्वच्छ छापलेत. पाचव्या पानावरच्या निकालाच्या कोष्टकात दोन्ही गटांखाली ७१ लिहिलंय. दोन पानांच्या अंतरावर दोन आकडे तीन वर्षं एकमेकांशी भांडत होते आणि चार लेखक, छापण्याआधी पेपर तपासणारे दोन समीक्षक, एक संपादक आणि दोन्ही मेटा-अ‍ॅनालिसिसवाल्या चमू यांच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी समीक्षक असतो तर मला दिसलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गळलेल्यांच्या जागी अंदाजे मूल्यं भरली असतील असं समजून मीही पुढे गेलो असतो.

नऊ दिवस

विद्यार्थिनीला हे मंगळवारी संध्याकाळी कळलं. मॅडमना तिने सांगितलं ते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. मधले नऊ दिवस तिने काय केलं असं मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “रोज तीच फाइल उघडून बघायचे. मला वाटायचं मीच काहीतरी चुकतेय. आणि मी चुकत नसले तर ते आणखीच वाईट.”

वाईट का, हे समजून घ्यायला हवं. ती स्क्रिप्ट लिहायला तिला पहिल्या लेखकानेच शिकवलं होतं. तिची शिष्यवृत्ती त्याच वर्षी वाढवून मिळायची होती आणि शिफारसपत्र मॅडमच देणार होत्या. शेवटी ती शेजारच्या टेबलावरच्या मित्राशी बोलली. तो म्हणाला, “आधी शंभर टक्के खात्री कर, मगच तोंड उघड.”

हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण मला तो पटत नाही. शंभर टक्के खात्री करायची तर मूळ फॉर्म, जुन्या स्क्रिप्टच्या सगळ्या आवृत्त्या आणि त्या वेळी डेटा भरणाऱ्या माणसाची आठवण, एवढं सगळं हाताशी लागतं. एकट्या विद्यार्थिनीकडे यातलं पहिलंच होतं. “मॅडम, हा खांब मला कळत नाहीये, जरा बघता का?” एवढं विचारायला खात्रीची गरज नसते. पण हे असं विचारता येतं, ही त्या प्रयोगशाळेतली प्रथा नव्हती. दर सोमवारच्या बैठकीत निकाल दाखवले जायचे. जुन्या निकालावर शंका काढायला त्या बैठकीत जागा नव्हती.

पहिला निर्णय : मॅडमचं पहिलं वाक्य

विद्यार्थिनीने लॅपटॉप मॅडमसमोर ठेवला, आलेख दाखवला, कोडबुकचं पान दाखवलं. मॅडम दोन-तीन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे आणखी कोणाला सांगितलंस?”

मॅडमनी मला नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांच्या डोक्यात असं होतं की अजून ज्याने हे पाहिलेलं नाही अशा कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्यावं, म्हणून आधी कोणी पाहिलंय ते विचारलं. मला ते खरं वाटतं. पण ऐकणारीला त्यात धमकी ऐकू आली. “कोणाला नाही” असं खोटंच सांगून ती घरी गेली आणि दोन दिवस प्रयोगशाळेत आली नाही. मॅडमना वाटलं, ती आजारी आहे.

त्या जागी दुसरं कोणतं वाक्य चाललं असतं, यावर आम्ही नंतर बराच वेळ बोललो. “बरं झालं सांगितलंस” एवढं पुरलं असतं, असं विद्यार्थिनीचं मत.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःच तिला फोन करून बोलावलं, आणि तिच्यासमोरच पहिल्या लेखकाला फोन लावला. तो म्हणाला, “९९ मी काढले होते, मॅडम. मला स्पष्ट आठवतंय.” त्याने स्क्रिप्ट उघडली, स्क्रीन दाखवली. काढले होते ते ९ होते. त्यानंतर तो जे म्हणाला ते मला दोघींनी अगदी एकाच शब्दांत सांगितलं: “लवकरच माझी मुलाखत आहे.”

दुसरा निर्णय : प्रस्तावाची तारीख

निधीचा प्रस्ताव पाठवायची शेवटची तारीख होती बारा दिवसांवर. प्रस्तावातली नमुन्याची संख्या १४ मिनिटांच्या फरकावर काढलेली होती: तेवढा फरक ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ५५ माणसं पुरतात. खरा फरक ४ मिनिटांचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे २५० माणसं लागतात. खर्चाचा आकडा, मुदत, मनुष्यबळ, सगळंच त्यामुळे कोसळत होतं.

मॅडमनी प्रस्ताव होता तसाच पाठवला. त्यांचा युक्तिवाद असा की फेरतपासणी अजून झालेली नाही. छापलेला पेपर आज तरी कायम आहे. ही तारीख हुकली तर पुढची संधी वर्षाने येईल आणि पोस्टडॉकचा पगार सहा महिन्यांत संपतोय.

पगाराचा मुद्दा खरा होता, तो मी हलका करत नाही. तरीही या सगळ्या प्रकरणात मला चूक म्हणावीशी वाटते ती एवढीच. तीन वर्षांपूर्वीची ९९ ची भानगड हा घोळ होता, तो कोणाकडूनही होऊ शकतो. प्रस्ताव पाठवताना मात्र पाठवणाऱ्याला माहीत होतं. त्या दिवसापर्यंत हे नुसतं घोळाचं प्रकरण होतं, आणि त्या संध्याकाळी ते सचोटीचं झालं. मॅडमनाही ते जाणवलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी संस्थेच्या संशोधन-सचोटी अधिकाऱ्यांना गाठलं, आणि तिथून माझा नंबर त्यांच्याकडे आला.

कोणकोणते पर्याय होते

मी पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा फळ्यावर चार पर्याय लिहिलेले होते. पाचवा, म्हणजे काहीच न करणं, कोणी लिहिला नव्हता, पण खोलीत तो होता.

पहिला पर्याय: नवा, मोठा अभ्यास करायचा आणि त्यात जुना निकाल टिकला नाही असं नम्रपणे लिहायचं. पहिल्या लेखकाला हा आवडत होता. यात कोणाचीच मान खाली जात नाही. पण नवा अभ्यास हाती यायला तीन-चार वर्षं, आणि तोवर १४ मिनिटांचा आकडा मेटा-अ‍ॅनालिसिसमधून उपचारांच्या शिफारशींपर्यंत झिरपत राहणार. शिवाय ‘नव्या अभ्यासात निकाल टिकला नाही’ हे वाक्य वाचून लोक कारणं शोधत बसतील, वयोगट वेगळा होता का, ऋतू वेगळा होता का. खरं कारण आपल्या कपाटात आहे हे माहीत असून लोकांना त्या कामाला लावायचं, हे मला कसंतरीच वाटलं.

दुसरा: शुद्धिपत्र. ‘कोष्टक क्रमांक दोनमध्ये पुढीलप्रमाणे वाचावे.’ संपादकांनीही नंतर सुरुवातीला हेच सुचवलं. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना याबाबत पुरेशा स्पष्ट आहेत: एरवी भरवशाच्या लेखातला छोटा भाग दिशाभूल करणारा असेल तर शुद्धिपत्र पुरतं, पण मुख्य निष्कर्षच भरवशाचा राहिला नसेल तर लेख मागे घ्यावा, मग कारण लबाडी असो की प्रामाणिक चूक. इथे शीर्षकापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत सगळं १४ मिनिटांवर रचलेलं होतं.

तिसरा: पेपर सरळ मागे घेणं. चौथा: मागे घेणं आणि त्याच जागी दुरुस्त केलेला पेपर पुन्हा समीक्षा करून छापणं.

चौथ्या पर्यायाला एक ठसठशीत उदाहरण होतं आणि ते मॅडमनीच शोधून आणलं. २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या २४० रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. रुग्णांना घरी गेल्यावर आधार देणाऱ्या कार्यक्रमामुळे पुन्हा रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण घटतं, असा त्याचा निष्कर्ष. नंतर लेखकांनाच कळलं की डेटा हाताळताना दोन गटांचे संकेतांक उलटे झाले होते. कार्यक्रमाच्या गटात हे प्रमाण उलट जास्त होतं. २०१९ मध्ये तो पेपर मागे घेऊन त्या जागी दुरुस्त पेपर छापला गेला. मॅडमनी त्याची सूचना मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “यांचं तर उत्तरच उलटं झालं होतं. आपलं निदान नुसतं पुसलं गेलंय.” त्या महिन्यात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

पहिला लेखक हसला नाही. त्याची भीती खोटी नव्हती. ‘रिट्रॅक्शन’, म्हणजे लेख मागे घेणं, हा शब्द ऐकला की लोक लबाडीच समजतात, आणि तसं समजायला त्यांच्याकडे आधारही आहे. जीववैद्यकातल्या मागे घेतलेल्या २,०४७ लेखांची छाननी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ६७.४ टक्के लेखांमागे गैरवर्तन होतं आणि फक्त २१.३ टक्क्यांमागे चूक. मी त्याला २०१३ चा दुसरा एक अभ्यास दाखवला: पेपर मागे घेतल्यावर लेखकाच्या आधीच्या कामाचे इतरांच्या लेखांतले उल्लेख घटतात, पण चूक लेखकानेच स्वतःहून कळवली असेल तर ही घट दिसत नाही. त्याने वाचलं आणि म्हणाला, “उल्लेख म्हणजे नोकरी नव्हे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काय केलं

निर्णय तीन आठवड्यांनी झाला: मागे घेऊन बदली पेपर. पहिल्या लेखकाने सही केली, पण एका अटीवर. संपादकांना पत्र मुलाखतीनंतर जावं आणि मुलाखतीत त्याने स्वतः हे सांगावं की नाही, ते त्याच्यावर सोडावं. मॅडमनी अर्धी अट मानली. पत्र थांबलं नाही. सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं. त्याने मुलाखतीत सांगितलं. ती नोकरी त्याला मिळाली नाही, आणि त्याचा याच्याशी संबंध होता का हे कोणीच सांगू शकत नाही. वर्षभराने दुसरीकडे मिळाली.

फेरतपासणी गटाबाहेरच्यांनी करायची असं ठरलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या दोघांनी सगळे कागदी फॉर्म एकमेकांचं न बघता पुन्हा भरले आणि दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या. त्यात आणखी तीन टंकनचुका निघाल्या, ज्यांनी निकालाला काही फरक पडत नव्हता. माझ्याकडे फाइल आली ती गटांची नावं झाकून, नुसती ‘क’ आणि ‘ख’ अशी. गळलेल्या १९ जणांना नुसतं वगळून भागत नाही, कारण ज्यांची झोप बिघडलेलीच राहिली तेच कंटाळून गळले असतील ही शक्यता उरते. म्हणून वेगवेगळी गृहीतकं धरून गणित पुन्हा पुन्हा केलं. फरक २ ते ६ मिनिटांच्या मध्ये हलत राहिला. १४ च्या जवळपास तो कशानेच गेला नाही.

मग गटाचे बाकीचे सहा पेपर. हे काम कोणालाच नको होतं आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. एका पेपरच्या दुय्यम कोष्टकात तशीच भानगड सापडली; तिथे शुद्धिपत्र पुरलं. उरलेले पाच ठीक निघाले. त्या पाचांबद्दल संपादकांना पत्रात एक ओळ लिहिली, आणि मला वाटतं संपादकांचा सूर बदलला तो त्या ओळीमुळे.

निधी देणाऱ्या संस्थेला पत्र गेलं ते प्रस्ताव पाठवल्यानंतर सव्वीस दिवसांनी. मॅडमनी त्यात लिहिलं की प्रस्ताव पाठवताना आपल्याला ही शंका माहीत होती. हे वाक्य ठेवायचं की नाही यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली होती. ठेवलं. संस्थेने प्रस्ताव त्या फेरीतून बाजूला काढला आणि दुरुस्त करून पुढच्या फेरीत पाठवायला सांगितलं.

सूचनेच्या शब्दांवर जर्नलशी तीन महिने पत्रव्यवहार चालला. त्यांचा मसुदा एका वाक्याचा होता: ‘विश्लेषणातील त्रुटीमुळे लेख मागे घेण्यात येत आहे.’ असं गुळमुळीत वाक्य वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच. गटाला संपूर्ण यंत्रणा लिहायची होती: ९९ हा संकेतांक होता, तो मिनिटं म्हणून मोजला गेला, गळती असमान होती, म्हणून फरक फुगला. शेवटी चार वाक्यांवर तडजोड झाली आणि चौथ्या वाक्यात चूक लेखकांनी स्वतः कळवल्याची नोंद आली.

विद्यार्थिनीचं नाव त्यात घालायचं का, हाही प्रश्न होता. तिने आधी नको म्हटलं. ‘आपल्याच गाइडचा पेपर पाडणारी’ असा शिक्का नको होता तिला. मग बदली पेपरात तिला लेखक म्हणून घेण्याचा विचार पुढे आला, कारण डेटाची साफसफाई खरोखर तिने केली होती. त्याला ती तयार झाली. सूचनेत तिचं नाव नाही, पेपरावर आहे.

काय झालं

पहिल्या पत्रापासून सूचना छापून येईपर्यंत सात महिने गेले. बदली पेपरचा निष्कर्ष असा: कार्यक्रमामुळे झोप लवकर लागते असं या अभ्यासातून म्हणता येत नाही, मात्र आठवड्याच्या फोनमुळे लोक अभ्यासात टिकतात असं दिसतं. दुसरा भाग मूळ पेपरात कुठेच नव्हता, आणि पुढच्या अभ्यासांच्या आखणीसाठी तो मला जास्त उपयोगाचा वाटतो.

दोन मेटा-अ‍ॅनालिसिसच्या चमूंना गटाने स्वतः कळवलं. एकीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी पेपर वगळून गणित पुन्हा केलं आणि त्यांचा एकत्रित परिणाम थोडा घटला, पण टिकला. दुसरीला तीन पत्रं गेली.

जुन्या पेपरचे उल्लेख थांबलेले नाहीत. लोकांच्या संगणकावर जुनी पीडीएफ साठवलेली असते आणि तिच्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का आपोआप उमटत नाही. सूचना छापून आल्यावर वर्षभराने मी पाहिलं तेव्हा एका नव्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात १४ मिनिटं होतीच.

वेगळं काय करता आलं असतं

चूक मुळात टाळण्याबद्दल आधी थोडक्यात, कारण त्यात फार खोल काही नाही. ‘उत्तर नाही’साठी खरं वाटू शकेल असा आकडा वापरू नये. ९९ ऐवजी रिकामा कप्पा ठेवला असता किंवा उणे आकडा टाकला असता तर पहिल्याच सरासरीत ते उघडं पडलं असतं. कोष्टकातली माणसांची संख्या हाताने टाइप न करता स्क्रिप्टनेच मोजून छापावी. तसं असतं तर ७१ आणि ६७ मधला विसंवाद आपणहून दिसला असता, कारण कोष्टकातले ते ७१ नमुन्याच्या आकड्यावरून उचलून टाइप केलेले होते. मूळ डेटा आणि स्क्रिप्ट पेपरसोबत उघडी ठेवली असती तर कोणीतरी बाहेरच्याने तो खांब आधीच पाहिला असता. २०१० सालच्या राइनहार्ट-रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या निबंधातली चूक २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला सापडली, ती लेखकांनी त्याला त्यांची मूळ एक्सेल शीट दिली म्हणून. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या.

मी जास्त वेळ घालवेन तो नऊ अधिक दोन दिवसांवर, आणि सव्वीस दिवसांवर. दोन्ही ठिकाणी माहिती होती आणि ती पुढे सरकली नाही. विद्यार्थिनीच्या बाबतीत ती अडकली, कारण शंका कोणाकडे घेऊन जायची हे ठरलेलं नव्हतं आणि जिच्याकडे जायचं तिच्याच हातात शिफारसपत्र होतं. त्या संस्थेत सचोटी अधिकारी होते. ते लबाडीच्या तक्रारींसाठीच असतात अशी विद्यार्थ्यांची समजूत होती. आपली शंका चुकीची निघाली तरी चालेल अशा पातळीवर बोलायला कोणीतरी हवं होतं, गाइड सोडून.

मॅडमच्या बाबतीत उपाय सोपा होता आणि म्हणूनच तो मनाला लागतो. प्रस्तावाच्या तारखेपर्यंत बारा दिवस होते. निधी देणाऱ्यांना दोन ओळी लिहून विचारता आलं असतं: आधारभूत आकड्याबद्दल शंका आली आहे, तपासणी चालू आहे, प्रस्ताव या टिपेसह स्वीकाराल का? नंतर ज्या अधिकाऱ्यांनी पत्राला उत्तर दिलं त्यांनी मॅडमना सांगितलं की असं विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं. मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहत होत्या आणि मी विषय बदलला.

आणि माझी स्वतःची एक. पहिल्या लेखकाला मी २०१३ चा अभ्यास दाखवला तो धीर द्यायला. पण त्या वेळी त्याला आकड्याची गरज नव्हती. निवड समितीला प्रकरण नेमकं काय आहे हे समजावणारं पत्र संस्थेने किंवा मी लिहून दिलं असतं तर त्याचा जास्त उपयोग झाला असता. ते मला सुचलं मुलाखत होऊन गेल्यावर.

सध्या त्या प्रयोगशाळेत सोमवारच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं ‘कळत नाहीये’ या सदराची असतात. ज्याला जे जुळत नाही ते तो पडद्यावर दाखवतो. नाव विद्यार्थिनीने दिलं. मी एकदा बसलो होतो, तेव्हा पोस्टडॉकने स्वतःच्याच दोन वर्षांपूर्वीच्या आलेखातला एक बिंदू दाखवला. तो बिंदू बरोबर निघाला, एका सहभागीला खरोखरच झोप लागायला दोन तास लागत होते. सुधारित प्रस्ताव प्रत्येक गटात २५० माणसं धरून पाठवला गेला आहे.